रुमालाचा क्रम व पत्राचा काल

पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतून रा. ब. गो. स. सरदेसाई यांनीं निवडलेले वेंचे १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध झाले. त्यांची मांडणी विषयवार आहे. आतां संग्राहकही कागदांच्या छायाप्रती संगणकावर विषयवार फोल्डरांत लावतात. सोय खरी, परंतु मराठी पत्रांत पुष्कळदां 'छ' या अक्षरापुढें चंद्र व मुसलमानी महिना एवढेंच असतें, सन नसतो. तो बहुधा शेजारच्या कागदांवरून ठरवावा लागतो. शेजार मोडला कीं हा पुरावा नष्ट झाला. यास्तव फोल्डर रुमालवार करून कागद मूळ क्रमानें, अंक घालून ठेवावे. विषयांची यादी निराळी करावी.