तप्त सूर्य आणि चिमूटभर भुकटी

कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या थळ घाटात दर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. या चढावर गाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडतात, हे इगतपुरीच्या मुलांना सांगावे लागत नाही. पण इंजिनाला वाळूची पेटीही असते, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. चाक घसरू लागले की कोरडी वाळू नळीतून रुळावर सोडतात. हजारो अश्वशक्तीचे यंत्र, आणि त्याची पकड चिमूटभर वाळूवर अवलंबून! अणुसंमीलनाच्या इतिहासातही अशाच एका भुकटीची गोष्ट आहे.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळवण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी केले. ते खरे ठरले नाही. त्याची कारणे अनेक; त्यांपैकी एक अगदी साधे आहे. ते म्हणजे पात्राची भिंत.

संमीलनासाठी हायड्रोजनच्या समस्थानिकांचा प्लाझ्मा दहा कोटी अंशांहून अधिक तापवावा लागतो. चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून दूर ठेवते, पण पूर्णपणे नव्हे. शिवाय हा प्लाझ्मा हवेपेक्षा लाखाहून अधिक पट विरळ असतो. याचा अर्थ काय, ते गणिताने पाहू. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली सुरू झालेला 'आदित्य' हा भारताचा पहिला स्वदेशी बनावटीचा टोकामॅक. त्यातील प्लाझ्माच्या कड्याची मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर, लहान त्रिज्या २५ सेंटिमीटर. म्हणजे आकारमान सुमारे ०.९ घनमीटर आणि पृष्ठफळ सुमारे ७.४ चौरस मीटर. दर घनमीटरला सुमारे १०¹⁹ कण धरले, तर प्लाझ्मात एकूण ०.९ × १०¹⁹ कण झाले. भिंतीवर चिकटलेल्या अणूंचा एकच थर घेतला, तरी दर चौरस मीटरला साधारण १०¹⁹ अणू, म्हणजे एकूण ७.४ × १०¹⁹. भिंतीवरचा एक अदृश्य थर सुटला, तर मूळ प्लाझ्माच्या आठपट परके अणू आत शिरतील!

हे परके अणू ऊर्जा किरणोत्सर्गाने बाहेर टाकतात आणि प्लाझ्मा थंड करतात. १९७० च्या दशकात काही यंत्रांत टंगस्टनचे भाग वापरले, तेव्हा हा अनुभव आला. टंगस्टनचा अणुक्रमांक ७४. इतक्या तापमानातही त्याचे सर्व इलेक्ट्रॉन निघून जात नाहीत, आणि उरलेले सतत प्रकाश फेकत राहतात. दहा हजार कणांत एक टंगस्टन अणूही घातक ठरू शकतो. म्हणून संशोधक कार्बनकडे वळले. पण कार्बन झिजतो आणि किरणोत्सारी ट्रिटियम स्वतःत अडकवून ठेवतो.

मग भिंतीलाच लेप देण्याची कल्पना पुढे आली. जर्मनीतील यूलिशच्या 'टेक्स्टॉर' यंत्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस भिंतीवर बोरॉनचा पातळ थर चढवण्यात आला. बोरॉन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो. त्याचे पाचच इलेक्ट्रॉन असल्याने तो प्लाझ्माच्या गाभ्यात शिरला, तरी नुकसान कमी. 'आदित्य'मध्ये लिथियमच्या लेपाचे प्रयोग झाले.

मात्र बोरॉनच्या लेपासाठी बहुधा डायबोरेन हा वायू वापरतात. तो विषारी आणि ज्वालाग्राही आहे. शिवाय नेहमीच्या पद्धतीत लेप देताना मुख्य चुंबकीय क्षेत्र बंद ठेवावे लागते. अतिसंवाहक चुंबकांच्या यंत्रात ते वारंवार बंद-चालू करणे सोयीचे नसते, आणि लेप तर झिजत जातो.

येथे भुकटी कामाला येते. अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेने एक साधन तयार केले. त्यात थरथरणाऱ्या पट्टीवरून बोरॉनचे बारीक कण घरंगळतात आणि गुरुत्वाकर्षणाने चालू प्लाझ्मात पडतात. वेग दर सेकंदाला काही मिलिग्रॅम एवढाच. कण कडेलाच वितळून बाष्प होतात, आयन बनतात, आणि प्लाझ्मा जिथे भिंतीला भिडतो तिथे जाऊन बसतात. जर्मनीतील 'असडेक्स अपग्रेड', चीनमधील 'ईस्ट', फ्रान्समधील 'वेस्ट' अशा यंत्रांवर हे प्रयोग झाले आणि अशुद्धी घटल्याचे दिसले.

उणिवाही आहेत. लेप सर्वत्र सारखा बसत नाही. भुकटी जास्त पडली, तर तीच प्लाझ्मा विझवते. आणि साचलेला थर इंधन अडकवू शकतो. हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. भारत ज्यात भागीदार आहे, त्या फ्रान्समधील 'ईटर' प्रकल्पाने २०२३ मध्ये आतील भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनची करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्याबरोबर बोरॉनच्या लेपाची गरज पुन्हा पुढे आली.

भाभांचे भाकीत का चुकले, असे वर्गात कुणी विचारले, तर चुंबक आणि तापमान यांच्याबरोबर भिंतीवरच्या त्या एका थराचे गणितही फळ्यावर मांडावे. सूर्य पृथ्वीवर आणायचा, तर आधी भांडे घासावे लागते.