गाड्या सुटल्या तेव्हा

२९ सप्टेंबर २०१५, रात्र. फ्लोरिडातल्या जॅक्सनविलहून 'एल फारो' हे मालवाहू जहाज पोर्तो रिकोकडे निघालं. ३३ माणसं, ३९१ कंटेनर, शिवाय ट्रेलर आणि मोटारी. बऱ्याच मोटारी मंजूर लॅशिंग मॅन्युअलप्रमाणे बांधलेल्या नव्हत्या. डेकवर आडव्या ताणलेल्या लांब साखळ्यांना त्या अडकवल्या होत्या.

माझ्या लेखी उलटी मोजणी इथूनच सुरू होते. रबर आणि पोलाद यांच्यातला घर्षणांक आंतरराष्ट्रीय नियमावली ०.३ धरते. म्हणजे साधारण १७ अंशांच्या कलाला न बांधलेली गाडी घसरू लागते, लाटांचे हिसके असतील तर त्याच्याही आधी. ओल्या पोलादावर पोलाद असेल, तर घर्षण शून्यच धरतात! अवजड मालाच्या बाबतीत तर हा आकडा मोजूनच घ्यावा. फळीवर माल ठेवायचा, फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं, माल सरकला की कोन टिपायचा, त्याच्या टॅन्जंटला ०.९२५ ने गुणायचं. धक्क्यावर उभं राहून होणारं काम आहे हे.

१ ऑक्टोबर, पहाटे ४:४०. बहामाजवळ जोआक्विन चक्रीवादळ. जहाज एका अंगाला कललेलं; इंजिनातल्या तेलाच्या पातळीबद्दल खालून फोन येतो.

५:४३. तीन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे डेकखालच्या मालाच्या कोठीत, पाणी शिरल्याची खबर. वरच्या डेकवरचं एक झाकण उघडं सापडतं.

५:५४ च्या सुमारास. कप्तान वारा दुसऱ्या अंगावर घेण्यासाठी जहाज वळवतात. आता कल डावीकडे. होल्डमधलं पाणी आणि सैल झालेला माल दोन्ही तिकडेच ओढले जाणार, हे उघड आहे.

६:१३. इंजिन बंद. आता लाटा आडव्या येऊन आदळतात आणि जहाजाला तोंड फिरवता येत नाही.

७:०७. कप्तान किनाऱ्यावर फोन करतात. कल १० ते १५ अंश, असं सांगतात. ०.३ च्या हिशेबातला १७ चा आकडा आठवा. शिवाय या कलात प्रत्येक हेलकाव्याची भर पडत होती.

त्यानंतर थोड्याच वेळात ब्रिजवर, कप्तानांकडे, बातमी येते : होल्डमध्ये मोटारी तरंगताहेत.

७:२९. जहाज सोडण्याचा भोंगा.

७:३९. ब्रिजवरचं ध्वनिमुद्रण थांबतं. ३३ पैकी कोणीही वाचलं नाही.

डिसेंबर २०१७. अमेरिकी तपास मंडळाचा अहवाल आला. सुटलेल्या मोटारी बहुधा आपत्कालीन अग्निशमन पंपाच्या समुद्रपाण्याच्या नळावर आदळल्या आणि होल्डमध्ये आणखी पाणी शिरलं. त्या नळाभोवती धक्का झेलेल असं पुरेसं संरक्षण नव्हतं.