फलाटावरील स्त्री

कर्जतच्या फलाटावर गाडी थांबली, कीं खोपोलीकडील उतारूंची एकच धांदल उडते. त्या गर्दींत मुस्लिम स्त्रियाही असतात. कोंकणांतील पुष्कळ मुस्लिम घरांत कोंकणी वळणाची मराठीच बोलली जाते. तरी मराठी कादंबरींत या स्त्रीची गांठ क्वचितच पडते. तेथें भेटते ती बेगम, शहाजादी किंवा मस्तानी! लेखकांनीं तिचें रूप मन लावून रंगविलें. घरखर्चाची विवंचना मात्र तिला सहसा दिली नाहीं.

उर्दू कथेंत फलाटावरील ही स्त्री फार पूर्वीं अवतरली होती. 1932 सालीं लखनौस ‘अंगारे’ हें पुस्तक निघालें. त्यांत डॉ. रशीद जहाँ यांची एक छोटी कथा आहे. नवरा बायकोला दिल्ली दाखवावयास नेतो, स्टेशनावर बुरख्यांत सामानापाशीं बसवितो आणि स्वतः मित्राबरोबर निघून जातो. तिनें पाहिलेली दिल्ली ती एवढीच! मौज ही, कीं ही हकीगत ती स्वतःच मैत्रिणींना सांगते. दुसऱ्या कोणी तिची कींव करावी, अशी सोयच लेखिकेनें ठेविली नाहीं. पुढल्याच वर्षीं संयुक्त प्रांताच्या सरकारनें तें पुस्तक जप्त केलें.

त्याच 1932 सालीं चिपळूणजवळील मिरजोळी येथें हमीद दलवाई जन्मले. त्यांच्या ‘इंधन’ (1965) या कादंबरींत हृदयविकारानें खचलेला नायक मुंबईहून कोंकणांतील आपल्या गांवीं परततो. येथील मुस्लिम माणसें वैरांत, वासनेंत, शेजारधर्मांत इतरांसारखींच गुंतलेलीं आहेत. मराठी वाचकास हें नवें होतें. तथापि सारें ऐकावयाचें तें पुरुषाच्याच तोंडून. ही उणीव दलवाईंनीं जणूं कादंबरीबाहेर भरून काढली. 18 एप्रिल 1966 रोजीं तोंडी तलाकाविरुद्ध मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनीं मुंबईंत विधिमंडळावर नेला. स्त्रिया होत्या सातच! पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालें तें 1970 सालीं, आणि एका दमांत उच्चारलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला तो 2017 सालीं.

मेहरुन्निसा दलवाई यांचें ‘मी भरून पावले आहे’ हें आत्मकथन 1995 मध्यें आलें. ती कादंबरी नव्हे; परंतु कादंबरींतील स्त्रिया ज्याविषयीं मुक्या होत्या, ती नोकरी, तें सासर आणि नवऱ्याच्या कीर्तीआड चाललेला संसार येथें सांपडतो.

2025 सालीं कर्नाटकांतील वकील-लेखिका बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी भाषांतरास आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालें. या कथांत महाल नाहींत. स्वयंपाकघरें आहेत, बाळंतपणें आहेत, आणि मशिदीच्या आवारांत दाद मागण्यासाठीं मुलांना घेऊन बसलेली एक आई आहे.