रश तिकीट
नाटकाच्या त्याच दिवशीच्या प्रयोगाचे स्वस्त तिकीट. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ही प्रथा रुजवली ती ‘रेंट’ या संगीत नाटकाने. त्याचा कर्ता जोनाथन लार्सन हॉटेलात वेटरचे काम करत नाटक लिहीत होता. पहिला प्रयोग होण्याआधीच, जानेवारी १९९६ मध्ये तो वारला. एप्रिलमध्ये नाटक ब्रॉडवेवरील नेदरलँडर थिएटरमध्ये आले, तेव्हा त्याच्यासारख्या कफल्लक तरुणांना ते पाहता यावे म्हणून पुढच्या दोन रांगा २० डॉलरला ठेवल्या. प्रयोगापूर्वी दोन तास खिडकी उघडे. त्यासाठी मुले आदल्या रात्रीपासूनच फुटपाथवर पथारी टाकत. रात्री रस्त्यावर काढणे धोक्याचे, म्हणून पुढे सोडत आली: नावाची चिठ्ठी टाकायची आणि पुकारा होईपर्यंत थांबायचे. ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाचे (२०१५) सोडतीतले तिकीट १० डॉलरचे, कारण नायक हॅमिल्टनचे चित्र त्याच नोटेवर आहे. आता बहुतेक सोडती मोबाइलवरच होतात.

काही नाटके सकाळी खिडकी उघडताच रांगेतल्यांना तिकिटे देतात, काही फक्त विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर. माणशी बहुधा दोनच. जागा अनेकदा अगदी पुढची किंवा कडेची, मान अवघडते. पण नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. ‘हाउसफुल्ल’ झाल्यावर काही थिएटरांत उभ्याने पाहण्याची तिकिटे निघतात. टाइम्स स्क्वेअरमधील ‘टीकेटीएस’ (१९७३) ही सवलतीची खिडकी वेगळी. तिथे अनेक नाटकांची उरलेली तिकिटे मिळतात.