माथेरानची हवा

बदनापूरच्या सपाट मुलखांतला प्रवासी मनमाडवरून कल्याणास येतो, तेथें गाडी बदलून नेरळास उतरतो, तों समोर माथेरानचा डोंगर दिसतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं त्याचा शोध लावला, असें सांगतात. परंतु ठाकूर, कातकरी, धनगर यांना तें रान पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. डोंगर जुनाच होता. नवी होती ती केवळ हवा खाण्यासाठीं डोंगर चढण्याची हौस. पूर्वीं लोक डोंगर चढत ते देवदर्शनासाठीं, गुरांमागें किंवा गडाच्या चाकरीवर.

प्रारंभीं तेथें साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले उठले. सामान्य कुटुंबांची वाट सुकर केली ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं. त्यांच्या खटपटीनें १९०७ सालीं दोन फूट रुंदीच्या रुळांवरून आगगाडी माथ्यावर पोहोंचली.

मोटारींना मात्र दस्तुरी नाक्यापुढें मज्जाव राहिला. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. त्यामुळें झाडी वांचली, हवा निर्मळ राहिली. परंतु तिची किंमत कोणी दिली? तांबड्या मातीच्या चढावरून पाहुण्यांना हातरिक्षांत बसवून माणसेंच ओढून नेत. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्याचा आदेश राज्य सरकारास दिला. रानाबरोबर माणूसही राखावयाचा असतो, हें उमगावयास त्या माथ्यावर पावणेदोनशें वर्षें लागलीं.