कोयना धरण आणि संगणकीय प्रतिरूपण : अभियांत्रिकी अभिकल्पाच्या इतिहासातील एक टप्पा

प्रस्तावना :
अभियांत्रिकी अभिकल्प संगणकावर तपासून त्यात सुधारणा करण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. मात्र असे प्रतिरूप प्रत्यक्ष घडलेल्या हानीशी पडताळण्याची संधी क्वचितच मिळते. कोयना धरणामुळे ती मिळाली.

गृहीतक आणि वास्तव :
सातारा जिल्ह्यातील १०३ मीटर उंचीच्या या धरणाचा अभिकल्प झाला, तेव्हा दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या स्थिर मानले जात असे. त्यामुळे धरणाच्या संपूर्ण उंचीवर ०.०५ हा एकच भूकंप गुणांक धरण्यात आला. म्हणजे भूकंपाचे आडवे बल वजनाच्या केवळ ५ टक्के मानले गेले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० लोक मृत्युमुखी पडले. धरणातील त्वरणमापकाने धरणाच्या अक्षाला लंब दिशेत गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४९ पट त्वरण नोंदविले. धरण टिकले, परंतु सांडव्याबाहेरील उंच भागांत, जलाशयाविरुद्ध बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, त्या पातळीजवळ आडव्या भेगा पडल्या.

संगणकीय विश्लेषण :
बर्कले येथील अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धरणाचा छेद लहान घटकांत विभागून त्यावर हीच नोंद लागू केली. काँक्रीटच्या क्षमतेपेक्षा अधिक तन्य ताण भेगांच्या जागीच आढळले. सांडव्याच्या भागात हानी का झाली नाही, याचाही उलगडा झाला. स्थिर गुणांकाची पद्धत वरच्या भागातील हे ताण दाखवूच शकत नव्हती. कंपनात धरणाचा माथा पायापेक्षा अधिक हेलावतो, हे तिच्या हिशेबातच नव्हते.

हे प्रतिरूप भेग कोठे पडेल हे सांगणारे होते. भेग कशी पसरेल हे नव्हे. पुढील संशोधकांनी भेगांच्या प्रसाराची प्रतिरूपे रचली, तेव्हा कोयनाचा छेद हीच त्यांची प्रमाणभूत कसोटी ठरली. प्रत्यक्षात उंच भागांना आधारभिंतींनी बळकटी देण्यात आली.

निष्कर्ष :
१९६८ मध्ये अ‍ॅलिन कॉर्नेल यांनी भूकंपाचा धोका संभाव्यतेच्या भाषेत मांडला. अभिकल्पात कोणता भूकंप धरावा, हा प्रश्न त्यामुळे संख्याशास्त्राच्या कक्षेत आला. कोयनाचा अनुभव त्याला पूरक आहे. तेथे गणिताची आकडेमोड चुकली नव्हती, आरंभीचे गृहीतक अपुरे होते. अशा गृहीतकावर आधारलेला अभिकल्प संगणकाने कितीही काटेकोर केला, तरी तो सुरक्षित ठरत नाही. म्हणूनच या इतिहासात संगणकाइतकेच महत्त्व धरणातील त्या लहानशा त्वरणमापकाला द्यावे लागते.