झडतीआधीचं एक वाक्य

आज एका वाक्याचा इतिहास सांगतो. ‘तुमची झडती जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर व्हावी, असा तुम्हाला हक्क आहे.’ अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 प्रमाणे अंगझडतीपूर्वी संशयिताला हे सांगावं लागतं.

कायदा 1985 चा, आणि शिक्षा जबर. व्यावसायिक प्रमाणात माल सापडला तर किमान दहा वर्षं. न्यायाधीशाला त्याखाली येता येत नाही. 2001 च्या दुरुस्तीपूर्वी हेरॉइनच्या खटल्यात, स्वतःपुरता थोडासा माल सोडला, तर वजन न बघताच दहा वर्षं होती. काही गुन्हे दुसऱ्यांदा केल्यास फाशी सक्तीची होती. ही सक्ती 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं काढली, संसदेनं 2014 मध्ये. त्यातून माल अंगावर सापडला की तो कसा आला, हे आरोपीनंच पटवायचं. म्हणजे सगळा खटला झडतीच्या त्या दहा मिनिटांवर उभा.

मी नाक्यांवर झडत्या घेतल्या आहेत. रात्र, कडाक्याची थंडी, समोर घाबरलेला माणूस, मागे गाड्यांची रांग. अशा वेळी नियम जड वाटतो, हे कबूल करतो. पण तो माणूस आपल्या हातात असतो आणि बघणारं तिसरं कुणी नसतं, हेही खरंच.

आता वाद असा, की हे वाक्य सांगितलंच नाही तर काय? आयकर छाप्याच्या पूरनमल खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा चालतो. तोच नियम इथे लावायचा का, यावर नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाच्याच खंडपीठांची मतं फाटली. शेवटी 1999 मध्ये बलदेवसिंग खटल्यात पाच न्यायाधीश बसले. सरन्यायाधीश आनंद यांनी लिहिलेला निकाल असा: हक्क सांगितला नाही आणि शिक्षा केवळ त्या अंगझडतीतल्या मालावर बेतलेली असेल, तर शिक्षा टिकणार नाही. शिक्षा जितकी कडक तितकी काळजी जास्त, हे त्यामागचं सूत्र. मला ते शिपाईगडी म्हणूनही पटतं.

पण पळवाट निघालीच. गोव्याच्या जोसेफ फर्नांडिस खटल्यात अधिकाऱ्यानं ‘तुमची इच्छा असेल तर’ एवढंच विचारलं होतं. न्यायालयानं ते पुरेसं मानलं. इच्छा विचारणं आणि हक्क सांगणं यांत फरक आहे, हे साध्या हवालदारालाही कळेल! 2010 मध्ये गुजरातच्या विजयसिंह जडेजा खटल्यात पुन्हा पाच न्यायाधीश बसले आणि त्यांनी ठरवलं, की ‘साधारण पालन’ चालणार नाही, हक्क आहे असंच सांगायला हवं. 2014 मध्ये राजस्थानच्या परमानंद खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. दोन आरोपींना एकत्र सांगून भागत नाही. ज्याला त्याला वेगळं सांगायचं.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. 2005 च्या पवनकुमार निकालाप्रमाणे कलम 50 फक्त अंगझडतीला लागतं, हातातल्या पिशवीला नाही. पुडी खिशात असेल तर हक्क सांगायचा. तीच खांद्यावरच्या थैलीत असेल तर गरज नाही. शिक्षा दोन्हीकडे तेवढीच.